मसे गेल्यानंतरचे तीन महिने

गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि काउंटरशी न येता टूथपेस्टच्या किमती वाचत उभं राहिलं, की मला समजतं. गर्दी ओसरायची वाट बघणं चाललंय. पुरुष असेल तर पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, भाऊ नाहीत का?" भाऊ म्हणजे आमचे हे. ते दुपारी जेवून आडवे झालेले असतात आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या औषधाच्या दुकानात एक ते चार मीच बसते. एकतीस वर्षं झाली. "नाहीत, बोल," असं म्हणून मी मुद्दाम खाली बघत बिलाचं पुस्तक चाळत राहते. तोंडाकडे बघितलं की माणसं खोकल्याचं औषध घेऊन निघून जातात.

मी बी.फार्म. आहे, डॉक्टर नाही. मसा कोणता, तो जाळायचा की गोठवायचा, हे त्वचारोगतज्ज्ञानं ठरवायचं. पण उपचार संपले की डॉक्टर "आता ठीक आहे, काही वाटलं तर या" म्हणतात आणि पुढचा पेशंट बोलावतात. त्या "काही वाटलं तर"चा अर्थ विचारायला लोक माझ्याकडे येतात. गुप्तांगावरच्या मशांबद्दल तेवढ्यापुरतं हे लिहिते आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवते, कारण बडोद्यात तो फार महागात पडतो. मराठीत आपण चामखीळ म्हणतो, मस म्हणतो. गुजरातीत मसा. आणि गावभर "हरस-मसा-भगंदर" अशा ज्या पाट्या आहेत, त्यातला मसा म्हणजे मूळव्याधीचा मोड. त्यामुळे गुदद्वाराशी विषाणूचा मसा आलेला माणूस पाटी वाचून आत शिरतो आणि सहा महिने चूर्ण खात बसतो. मसा तेवढ्यात पसरलेला असतो. दुसऱ्याला कशाला हसू, चूक माझ्याकडूनही झाली आहे. 2008 च्या सुमारास एका मुलानं "मसा पे लगाने का" असं म्हणून औषध मागितलं. मला वाटलं बोटावरचा. मी कुरूप-चामखिळीवरचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं पेंट काढून दिलं. तिसऱ्या दिवशी तो पाय फाकवत आला. नाजूक जागेची कातडी सोलून निघाली होती. त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे पाठवलं आणि तेव्हापासून मसा शब्द ऐकला की मी एकच विचारते: "कुठे?" बोटावरच्या पेंटला, कॉर्न कॅपला गुप्तांगावर जागा नाही. चुना आणि सोड्याचा लेप, रुईचा चीक, घोड्याचा केस बांधणं, हेही त्याच रांगेतलं.

आता मुख्य गोष्ट. मसा जाणं आणि विषाणू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळलं, गोठवलं, कापलं, क्रीम लावलं, कशानंही जातो तो डोळ्यांना दिसणारा मसा. तो उगवतो ज्याच्यामुळे, तो एचपीव्ही विषाणू आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या कातडीतही असू शकतो. त्याला मारणारं औषध माझ्या कुठल्याही कपाटात नाही. त्याला दाबून टाकते ती आपली प्रतिकारशक्ती, आणि बहुतेकांच्या शरीरात ती एक-दोन वर्षांत हे काम करते. तोवर दोन शक्यता उरतात: मसा परत येण्याची, आणि दुसऱ्याला लागण होण्याची.

परत येणं इतकं सर्रास आहे की त्याला उपचार फसला म्हणू नका. ढोबळमानानं चार जणांत एकाला पहिल्या तीन महिन्यांतच नवा मसा दिसतो. काही जणांना त्यानंतरही दिसतो, पण जोर पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणून मी तीन महिने मोजायला सांगते, आणि मोजायला सुरुवात उपचाराच्या पहिल्या दिवसापासून नाही, शेवटचा मसा गेला त्या दिवसापासून. इथेच सगळे चुकतात. "काकू, मला तर दोन महिने झाले" म्हणणाऱ्याला खोदून विचारलं की कळतं, दोन महिने पहिल्यांदा जाळलं त्याला झालेत, शेवटचा गेला गेल्या आठवड्यात.

बडोद्याच्या माणसाला तारखेपेक्षा सण लवकर लक्षात राहतात. दसऱ्याला शेवटचा गेला तर उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत. इतकं सोपं. मधे नवा दिसला तर तो काढून घ्यायचा आणि मोजणी पुन्हा एकपासून.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला असलेला एक मुलगा गेल्या खेपेला असाच आला होता. वैशाखात लग्न ठरलेलं. नवरात्राच्या आधीपासून उपचार चालू, शेवटचे दोन मसे दसऱ्याच्या आठवड्यात जाळले. नऊ रात्रींचा गरबा बुडाला याचं दुःख त्याला मशांपेक्षा जास्त होतं. त्याला मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून उत्तरायण दाखवलं. तो म्हणाला, "तोवर काय करू?" तेच आता सांगते.

आठवड्यातून एकदा बघायचं. रोज नाही. रोज बघणाऱ्याला प्रत्येक केसाच्या मुळाशी मसा दिसायला लागतो. रविवारची आंघोळ झाल्यावर, अंग पूर्ण कोरडं करून, खिडकीच्या उजेडात, हातआरसा घेऊन. पुरुषांनी कातडी मागे सारून त्याखाली, लघवीच्या छिद्राशी, लिंगाच्या बुडाशी, अंडकोशावर, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बघावं. बायकांनी बाहेरचे दोन्ही ओठ उघडून, मधली जागा, गुदद्वाराभोवती. आतलं आरशात दिसत नाही, ते डॉक्टरीणबाईंवर सोडावं. नवा मसा सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा, कातडीच्याच रंगाचा असतो. डोळ्याआधी बोटाला कळतो: गुळगुळीत जागेवर रव्याचा कण चिकटल्यासारखा. वाढला की फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा दिसतो. जाळलेल्या जागी गुलाबी, पांढरट किंवा काळपट डाग राहतो, तो सपाट असतो, बोटाला लागत नाही. डाग म्हणजे मसा नव्हे.

फोनवर फोटो काढून ठेवायचा सल्ला मी देत नाही. एका गिऱ्हाइकाचे फोटो आपोआप घरच्या टीव्हीवर चढले होते आणि टीव्हीसमोर सासूबाई. कागदावर पेन्सिलनं अंदाजानं आकृती काढा, जिथे मसे होते तिथे टिंब द्या, पुढच्या रविवारी ताडून बघा. कागद पाकिटात घडी करून राहतो.

प्रत्येक पुळी मसा नसते, हेही सांगते, म्हणजे झोप लागेल. लिंगाच्या टोकाच्या कडेनं मोत्यांच्या सरीसारखे एकसारखे बारीक दाणे बऱ्याच पुरुषांना जन्मभर असतात, तो आजार नाही. पिवळट बारीक ठिपके तेलग्रंथींचे. मधोमध खळगा असलेली चकचकीत पुळी असेल तर तो वेगळा विषाणू. सपाट, ओलसर, रुंद चट्टे मात्र सिफिलिसचेही असू शकतात, म्हणून डॉक्टर व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची रक्ततपासणी सांगतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका, करून टाका.

इमिक्विमॉडची क्रीम चिठ्ठीवर आली असेल तर तिची शिस्त नीट पाळा. माझ्याकडे सर्वात जास्त गोंधळ हिचाच होतो. पाच टक्क्यांची, छोट्या पुड्यांत मिळते. आठवड्यातून तीन रात्री, समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार. झोपताना मशावर पातळ थर, चोळून मुरवायची, हात धुवायचे, आणि सहा ते दहा तासांनी साबण-पाण्यानं धुऊन टाकायची. जास्तीत जास्त सोळा आठवडे. ती मसा जाळत नाही, तिथल्या कातडीतली प्रतिकारशक्ती जागी करते, त्यामुळे तिला वेळ लागतो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून रोज लावणारे लोक लालभडक होऊन येतात. थोडी लाली, खाज, सोलणं हे अपेक्षितच आहे. जखम झाली, चालताना चरचरलं, कणकण वाटली तर चार दिवस थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. आणि एक गोष्ट पुडीवर बारीक अक्षरात असते, ती मी मोठ्यानं सांगते: ही क्रीम कंडोमचं रबर कमजोर करते. क्रीम अंगावर असताना संबंध नाही.

पोडोफायलोटॉक्सिनचं अर्धा टक्क्याचं औषध असेल तर हिशेब वेगळा: दिवसातून दोनदा, तीन दिवस, मग चार दिवस सुट्टी. अशा जास्तीत जास्त चार फेऱ्या. फक्त मशावर, शेजारच्या कातडीला नाही. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर हे औषध नकोच.

मोजणीच्या काळात वस्तरा बंद. रेझरच्या बारीक ओरखड्यांतून विषाणू एका जागेवरून दुसरीकडे पेरला जातो, आणि मग मसे ओळीनं उगवतात, शेतातल्या तासासारखे. फारच झालं तर कात्रीनं केस बारीक करा. नखानं खरवडायचं नाही, हे सांगायला नको, पण सांगते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मसे परत येण्याचा त्रास जास्त. साखर वाढलेली असेल तर ती ताब्यात आणा. फाफडा-जलेबीच्या गावात हे सांगणं म्हणजे जीवावरचं काम, पण मधुमेह मोकाट असताना नुसत्या क्रीमनं मसे जातील ही आशा सोडा.

आता दुसरा प्रश्न, जो माणसं आणखी हळू आवाजात विचारतात. मसे गेले, पण माझ्याकडून तिला, किंवा त्याला, होईल का?

मसा अंगावर असताना लागण होण्याची शक्यता सर्वात जास्त. तो गेला की शक्यता बरीच उतरते, पण शून्य होत नाही, कारण विषाणू कातडीत राहिलेला असू शकतो. "आता तू सुटलास" असं छापून देणारी कुठलीही रक्ततपासणी नाही. पुरुषांसाठी तर एचपीव्हीची नेहमीची तपासणीच नाही. एक मुलगा लॅबमध्ये हजार-दीड हजाराचं पॅकेज करून "सगळं निगेटिव्ह" असा कागद घेऊन आला. त्या कागदावर एचआयव्ही होतं, कावीळ होती, साखर होती. एचपीव्हीचा पत्ताच नव्हता.

म्हणून व्यवहार असा ठेवायचा. मसा दिसत असेल, किंवा जाळल्याची जखम ओली असेल, तर संबंध नाही. जखम भरल्यावर, मोजणी पूर्ण होईपर्यंत, कंडोम. कंडोमनं धोका कमी होतो, संपत नाही, कारण जांघ, अंडकोश, बाहेरची कातडी त्यानं झाकली जात नाही आणि हा विषाणू कातडीला कातडी घासून पसरतो. संडासाच्या सीटवरून, एकत्र जेवण्यातून पसरत नाही. घरात कपडे वेगळे धुवायला लावणाऱ्या एका बाईंना मी सांगितलं, नवऱ्याची बनियन वेगळी करून काही उपयोग नाही, त्याला डॉक्टरांकडे न्या. बोटावरच्या चामखिळीचे विषाणू सहसा वेगळ्या प्रकारचे असतात, त्यामुळे तिथून खाली येण्याची भीतीही नको.

जुनं जोडपं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. वर्षानुवर्षं एकत्र असलेल्या नवरा-बायकोत मसा दिसायच्या आधीच विषाणू बहुधा दोघांकडे पोचलेला असतो. दुसऱ्याला मसे दिसत असतील तर त्याचे उपचार, दिसत नसतील तर नुसतं लक्ष. परत आलेला मसा बहुतेकदा स्वतःच्याच कातडीत दडलेल्या विषाणूतून उगवतो, त्यामुळे "तुझ्यामुळे परत झालं" हे भांडण निरर्थक आहे. "कोणाकडून आणलंस" हे भांडण त्याहून निरर्थक. विषाणू शिरल्यापासून मसा दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, पण कित्येकदा आठ महिने, कधी वर्षंही. आज आलेला मसा लग्नाआधीचा असू शकतो. या एका वाक्यानं माझ्या काउंटरवर निदान दोन संसार थंड झाले आहेत. भाऊ म्हणतात, तू औषधं कमी आणि वकिली जास्त विकतेस.

नव्या जोडीदाराला सांगायचं का? सांगायचं. कसं, तर अंथरुणात नाही, दिवसाउजेडी, आणि थोडक्यात: मला मसे झाले होते, उपचार झालेत, अमुक तारखेपर्यंत मी मोजतोय, कंडोमनं धोका कमी होतो पण जात नाही. चार वाक्यं पुरतात. दोन तास माफी मागत बसलं की ऐकणाऱ्याला वाटतं अजून काहीतरी लपवलंय.

मकरपुऱ्याच्या मुलानं कमाटीबागेत बसून होणाऱ्या बायकोला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे कॅन्सर का?" हे सगळ्याच विचारतात, कारण एचपीव्ही म्हटलं की जाहिरातीतला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आठवतो. मशांपैकी सुमारे 90 टक्के 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात, ते कॅन्सरचे प्रकार नव्हेत. कॅन्सरमागे मुख्यतः 16 आणि 18 असतात. पण एका माणसात दोन-तीन प्रकार एकदम असू शकतात, म्हणून बाईनं तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये, मसे असोत वा नसोत.

ती दोघं मग एकत्र डॉक्टरांकडे गेली आणि तिनं लस सुरू केली. लशीबद्दल इतकंच: ती अंगात असलेले मसे बरे करत नाही, शिरलेला विषाणू काढत नाही. जो प्रकार अजून शिरलेला नाही त्यापासून वाचवते. पुण्याच्या सीरमची जी लस 2022 मध्ये मंजूर झाली तिच्यात 6, 11, 16 आणि 18 असे चारही प्रकार आहेत. ती मुलं-मुली दोघांसाठी, 9 ते 26 वयात. लस कुठलीही घ्या, खोक्यावर 6 आणि 11 हे आकडे आहेत ना ते बघा, नाहीतर मशांपुरता तिचा उपयोग नाही. पंधराच्या पुढे तीन डोस लागतात: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हिचा पहिला डिसेंबरात झाला, म्हणजे लग्न वैशाखात आणि तिसरा डोस ज्येष्ठात. तिनं रुखवताच्या यादीखाली तारीख लिहून ठेवली आहे.

दिवस गेलेल्या बाईला मसे असतील तर ते त्या काळात भराभर वाढतात. घाबरू नका, पण घरातलं उरलेलं औषध लावू नका. पोडोफायलिन आणि त्याचं भावंड पोडोफायलोटॉक्सिन, दोन्ही वर्ज्य. डॉक्टर गोठवतात किंवा ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब लावतात. नुसत्या मशांसाठी सिझेरियन लागत नाही, वाटच अडली असेल किंवा रक्तस्रावाची भीती असेल तर गोष्ट वेगळी. बाळाच्या घशात मसे होणं शक्य आहे, पण ते फार क्वचित. बाळंतपणानंतर मसे पुष्कळदा आपोआप आक्रसतात.

उत्तरायण येईपर्यंत थांबू नका, लगेच जा, असं मी कधी म्हणते? मशातून रक्त येत असेल, तो काळा, कडक पडला असेल, जखम भरत नसेल, पंधरा दिवसांत दुप्पट झाला असेल, किंवा उपचार नीट करूनही हलत नसेल. अशा वेळी तुकडा तपासावा लागतो. एचआयव्ही असणाऱ्यांनी, किडनी बदललेल्यांनी तर वाटच बघू नये. पैशाची अडचण असेल तर सयाजी हॉस्पिटलच्या त्वचाविभागात जा. सरकारी इस्पितळांतल्या गुप्तरोगांच्या विभागाला सुरक्षा क्लिनिक म्हणतात, तपासणी आणि समुपदेशन तिथे फुकट होतं. तोंडानं बोलायची लाज वाटत असेल तर 1097 हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे. केसपेपरच्या खिडकीवर मोठ्यानं "मसा" म्हणू नका, मूळव्याधीच्या रांगेत बसवतील. "चामडीचा विभाग" म्हणा.

मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी, सातव्या रविवारी, त्याला जुन्या टिंबाच्या शेजारी रव्याचा कण लागला. पांढराफटक होऊन आला होता. मी म्हटलं, टाचणीएवढा असताना सापडला, हीच तर रविवारच्या आरशाची कमाई. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजननं गोठवला, दोन मिनिटांचं काम. फोड आला, खपली पडली, गेला.

उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मांजानं बोटं कापतात म्हणून सगळ्या गावाला चिकटपट्टी हवी असते. तो गर्दीतून पुढे आला, टूथपेस्टकडे न बघता, आणि चार गुंडाळ्या मागितल्या. मी पट्टी मोजत असताना त्यानं माझ्यामागच्या कालनिर्णयाकडे बोट केलं. "लोकांचं उत्तरायण उद्या आहे काकू," तो म्हणाला, "माझं होळीला."